मिस अर्डेलचा घेवडा

दर ऑक्टोबरात, घरच्या मैदानावरच्या सगळ्यात मोठ्या सामन्याच्या दिवशी, कोच लेलंड प्रॅदर यांची पांढरी पँट धुलाईतून जराशी गुलाबी होऊन यायची. जराशीच. खोलीत पाहिली तर पांढरी वाटायची. मैदानावरच्या उन्हात आठ हजार लोकांसमोर उभे राहिले की मात्र कोच कमरेखाली कुणाच्या तरी बारशाला निघाल्यासारखे दिसायचे.

त्यांनी विचारलं की मिस अर्डेल चष्मा लावायच्या, पँट खिडकीतल्या उजेडात धरायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "लाल शर्टांबरोबर गेली वाटतं, कोच. आपल्याच संघाचा रंग आहे, बिघडलं कुठं?"

हे सतरा वर्षं चाललं होतं. कोचना स्टेक आतून लालसर लागतो. सतरा वर्षांत त्यांना तो चपलेच्या तळासारखा करपलेला मिळाला. त्यांच्या थंड चहात साखर विसरली जायची. बिस्किटांच्या, म्हणजे आमच्याकडच्या गरम मऊ पावांच्या, टोपलीत खालचं, गार झालेलं बिस्कीट नेमकं त्यांच्याच वाट्याला यायचं. आमच्या टॅलिस्को गावात दोन सिग्नल आहेत आणि त्यातला एक फक्त सामन्याच्या दिवशी चालू असतो, त्यामुळे अशा गोष्टी कुणापासून लपत नाहीत. सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी बोलत नव्हतं. कारण बोललं असतं तर उद्या आपल्या मुलाच्या लग्नाचा केक कोण करणार?

मिस अर्डेल मेह्यू म्हणजे टॅलिस्को स्टेट कॉलेजच्या खेळाडूंच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघराच्या आणि धुलाईखान्याच्या प्रमुख. वय एकसष्ट. उंची बेताची, मनगटं मात्र कुस्तीगिराची. आवाज कधी चढत नाही. अलाबामात बाई लग्नाची असो, विधवा असो, नातवंडांची असो, तिला नावापुढे 'मिस' लावूनच हाक मारतात. पण यांच्या नावापुढचं 'मिस' लोक जरा उभं राहून म्हणतात. सव्वाशे पैलवान गडी, एकेकाचं वजन सव्वाशे किलो, त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात पाय पुसतात.

आता ही सतरा वर्षं कुठून सुरू झाली ते सांगतो.

आमच्याकडचा फुटबॉल पायाने नाही, हातात चेंडू घेऊन खेळायचा, आणि त्याचे खरे सामने सप्टेंबर ते नोव्हेंबर. म्हणजे वर्षातले नऊ महिने गाव नुसतं बसून असतं. ते बसून कुजू नये म्हणून एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी आपल्याच पोरांचे दोन भाग करून त्यांना आपसात झुंजवायचं: एक लाल, एक पांढरा. हा सामना कुठल्या तक्त्यात धरला जात नाही. जिंकून काही मिळत नाही. मिळतं ते फक्त जेवण. संध्याकाळी मैदानामागच्या मंडपात दोन लांब टेबलं मांडतात. जिंकलेल्या बाजूला स्टेक, हरलेल्या बाजूला घेवडा. डुकराच्या हाडाबरोबर चार तास रटरटलेला, राजम्याच्या भावकीतला घेवडा, आणि सोबत मक्याच्या पावाचा तुकडा. अख्खं गाव कडेने उभं राहून बघतं, आणि घेवडेवाल्यांना पुढच्या एप्रिलपर्यंत त्यावरून चिडवतं. आमच्या पोस्टमास्तरांनी एकोणतीस वर्षांपूर्वी घेवडा खाल्ला होता. आजही कुणाचं पत्र उशिरा आलं की लोक म्हणतात, घेवडा खाल्लेला माणूस आहे, सांभाळून घ्या.

मुख्य कोच मात्र कुठल्याच बाजूचा नसतो. तो दोन्हीकडचा, म्हणून त्याला नेहमी स्टेक. कोच प्रॅदर यांनी आयुष्यात कधी घेवडा खाल्ला नव्हता.

सतरा वर्षांपूर्वी मिस अर्डेलचा मुलगा ऑरिन पांढऱ्या बाजूला होता. वीस वर्षांचा, तेहतीस नंबरचा शर्ट. चेंडू काखेत मारून पळायचं त्याचं काम, आणि तो पळायला लागला की समोरचे लोक त्याला धरण्याऐवजी आधी बघत बसायचे. त्या दिवशी तिसऱ्या डावात त्याचा पाय मुरगळला. घोट्यावर बर्फ बांधून तो बाकावर बसला. सामना संपायला दोन मिनिटं उरली होती, पांढरे एकवीस गुणांनी मागे होते, कुणाला काही फरक पडणार नव्हता. पण वर काचेच्या खोलीत कॉलेजचे बडे पाहुणे उशिरा येऊन बसले होते आणि त्यांनी ऑरिनला पळताना पाहिलं नव्हतं.

कोच बाकाकडे वळले आणि म्हणाले, "मेह्यू, आणखी एकदा."

ऑरिन म्हणाला, "कोच, पाय टेकत नाहीये."

"टेकायचा कशाला? पळायचंय."

तो पळाला. चार पावलं. मग दोघं जण बाजूने त्याच्या गुडघ्यावर आले. आवाज बँडवाल्यांपर्यंत ऐकू गेला, असं बँडवाले सांगतात.

संध्याकाळी मंडपात कोणीतरी विचारलं, पोरगा कसा आहे? कोच स्टेक कापत होते. ते म्हणाले, "त्याला घेवडा पाठवा. घेवड्यानं गुडघा वाकतो परत." दोन्ही टेबलं हसली. मग खरंच एकाने पत्र्याच्या वाडग्यात घेवडा भरला, त्यावर चिकटपट्टी लावून तेहतीस लिहिलं आणि तो दवाखान्यात नेऊन दिला. ऑरिनच्या उशाशी मिस अर्डेल बसल्या होत्या. घेवडा त्यांनीच सकाळी शिजायला टाकला होता.

ऑरिन पुन्हा खेळला नाही. ऑगस्टमध्ये कॉलेजचं पत्र आलं की शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवता येत नाही. खाली सही कोच प्रॅदर यांची.

सप्टेंबरात मिस अर्डेल विश्वस्तांच्या सभेत उभ्या राहिल्या. ही सभा गावाला खुली असते. आमच्याकडे चर्चइतकीच गर्दी हिलाही होते, फक्त इथे कुणी पेंगत नाही. त्यांनी एवढंच मागितलं की एप्रिलचा सामना बंद करा. ज्यातून काही मिळत नाही त्यात पोरांचे गुडघे कशाला घालवायचे?

उत्तराला कोच उठले. तेव्हा ते पन्नाशीत नव्हते, त्यांचा आवाज मोठा होता आणि दाढी काळी. ते म्हणाले, "एप्रिलमध्ये ज्या पोराला धक्का बसत नाही, ते पोरगं सप्टेंबरात पहिल्या धक्क्याला रडतं. धक्के नको असतील त्यांनी आपली मुलं बँडमध्ये घालावी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दहा वर्षांचा होतो, बाबांच्या शेजारी बसून मीही वाजवल्या. पुढे मी बँडमध्येच गेलो आणि आठ वर्षं ट्रॉम्बोन फुंकला, पण तो भाग वेगळा.

मिस अर्डेल खाली बसल्या नाहीत. त्या चिटणीसबाईंना म्हणाल्या, "कोच जे बोलले ते लिहून घेतलंत ना? शब्द न शब्द? मला त्याची एक प्रत हवीय."

लोकांना वाटलं, आता बाई नोकरी सोडेल. बाईंनी नोकरी सोडली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्यांच्या स्वयंपाकघराचा दिवा लागला, आणि त्या ऑक्टोबरात कोचची पँट पहिल्यांदा गुलाबी झाली.

मध्ये एकदा आमच्या चर्चच्या पाद्रीबाबांनी त्यांना गाठून विचारलं होतं, "मिस अर्डेल, क्षमेचा विचार केलात का?"

"केला ना," मिस अर्डेल म्हणाल्या. "दर रविवारी करते. सोमवारी सकाळी तो माणूस समोर येतो आणि अंडी मागतो."

"मग तुम्हाला नेमकं हवंय तरी काय त्यांच्याकडून?"

"काही नाही. त्यांनी माझा घेवडा खावा. सगळ्यांसमोर, हरलेल्यांच्या टेबलावर बसून. एक वाडगा."

पाद्रीबाबांना हे फारच किरकोळ वाटलं. ते टॅलिस्कोचे नव्हते, टेनेसीहून आलेले होते.

आणि मग यंदाच्या मार्चमध्ये कोच प्रॅदर स्वतः सभेत उठले आणि म्हणाले की एप्रिलचा सामना बंद करावा.

कारणं त्यांनी पुष्कळ दिली. आता काळ बदलला आहे. आपला सामना टीव्हीवर दिसतो, मोठी कॉलेजं बघतात आणि आपली चांगली पोरं फूस लावून घेऊन जातात. शेजारच्या तीन कॉलेजांनी बंद केला. शिवाय, कोच घसा साफ करून म्हणाले, दुखापती. ज्यातून काही मिळत नाही त्यात पोरांचे गुडघे कशाला घालवायचे?

सभेत सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कारण यंदाचा आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या हातून सगळा खेळ सुरू होतो तो, ब्रॅनन होता. एकोणीस वर्षांचा, सोनेरी केसांचा, जवळपास नम्र. कोचच्या मुलीचा मुलगा.

मग चर्चा झाली. मोटेलवाला म्हणाला, वर्षात दोनदा माझ्या सगळ्या खोल्या भरतात, त्यातली एकदा तुम्ही काढून घेताय. दातांचे डॉक्टर विगिन्स विश्वस्तांचे अध्यक्ष आहेत. ते म्हणाले की भावना बाजूला ठेवून विचार करू, म्हणजे काय ते कुणालाच कळलं नाही. मागच्या रांगेतून एक प्रचंड पोरगा उभा राहिला. त्याचं नाव क्लीव्ह ओटवेल, पण सगळे त्याला डम्पलिंग म्हणतात, आणि तो उभा राहिल्यावर का म्हणतात ते कळतं.

"सर, मी सप्टेंबरात बाकावरच असतो," डम्पलिंग म्हणाला. "दोन वर्षं झाली. एप्रिलमध्येच माझी आई मला खेळताना बघते. तीन तास गाडी चालवून येते ती. एवढंच सांगायचं होतं." आणि तो बसला. खुर्चीने आपलं म्हणणं वेगळं मांडलं.

कोच म्हणाले, "ओटवेल, तुझ्या भल्यासाठीच बोलतोय मी."

तेव्हा मिस अर्डेल उठल्या. त्यांनी पर्समधून चष्मा काढला, मग चारदा घडी घातलेला कागद काढला. कागदावर तेलाचा डाग होता. सतरा वर्षं तो पाककृतींच्या डब्यात राहिला होता. त्यांनी तारीख वाचली, 'कोच प्रॅदर म्हणाले' असं वाचलं, आणि मग एप्रिलमध्ये ज्या पोराला धक्का बसत नाही इथपासून बँडपर्यंत सगळं वाचलं. आवाज नेहमीचाच, दळण सांगितल्यासारखा.

"यात काही बदल झाला असेल तर सांगा," त्या म्हणाल्या. "मी पेन आणलंय."

कोणीतरी मागून म्हणालं, "कोच, ब्रॅननसाठी बँडमध्ये जागा आहे का बघू?" मग जे हसू फुटलं ते थांबवायला डॉक्टर विगिन्सना टेबल बडवावं लागलं. कोचचा चेहरा ऑक्टोबरातल्या पँटसारखा झाला.

सामना होणार असं ठरलं. कोचनी मग एकच अट घातली: ब्रॅननला पिवळा शर्ट. पिवळा शर्ट म्हणजे सरावात क्वार्टरबॅकला घालतात तो. तो ज्याच्या अंगावर असेल त्याला कुणी पाडायचं नाही. एवढं तरी द्या, कोच म्हणाले.

सगळ्यांनी मिस अर्डेलकडे पाहिलं. त्या नाही म्हणतील असंच वाटत होतं. ऑरिनला कुठला आला होता पिवळा शर्ट?

"द्या की," मिस अर्डेल म्हणाल्या. "पोर आहे ते. पण मग कोच, यंदा जेवायला तुम्ही नातवाच्या बाजूला बसा. ते जे खातील ते तुम्ही खा."

सभेला हे इतकं आवडलं की मत घ्यायचीही गरज पडली नाही. कोचच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. दोन भाग करायचे कोणी? त्यांनीच. "कबूल," ते म्हणाले. "आणि मिस अर्डेल, माझा स्टेक या वेळी लालसर करा."

दुसऱ्या दिवशी भाग जाहीर झाले. लाल बाजूला ब्रॅनन, आणि त्याच्याबरोबर आमच्या संघातले जवळजवळ सगळे चांगले खेळाडू. पांढऱ्या बाजूला बाकावरची पोरं आणि डम्पलिंग. गावात पैज लावायला कुणी मिळेना.

ऑरिनला हे कळलं तेव्हा तो आईकडे आला. तो आता सदतीस वर्षांचा आहे, शाळेची बस चालवतो, उजवा गुडघा वाकत नाही म्हणून उतरताना आधी डावा पाय टाकतो. सतरा वर्षांत त्याने एप्रिलचा एकही सामना पाहिला नव्हता.

"आई, काय चाललंय तुझं?"

"घेवडा निवडतेय."

"त्या पोरानं तुझं काय केलंय?"

"मी त्याचं काही करणार आहे म्हणून कोण म्हणालं?"

"तुला ओळखतो मी. पँट आम्ही हसून सोडून दिली. पण ते पोरगं एकोणीस वर्षांचं आहे, आई. त्याचा गुडघा त्याचाच आहे, आजोबांचा नाही."

मिस अर्डेलनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "तुझा कुणाचा होता?" त्या म्हणाल्या. ऑरिन निघून गेला.

त्या तीन आठवड्यांत एक गोष्ट घडली, जी कोचच्या लक्षात आली नाही, कारण ते नाश्त्याला उशिरा येतात. मिस अर्डेल रोज सकाळी पांढऱ्या बाजूच्या पोरांच्या टेबलाशी अंडी घेऊन उभ्या राहू लागल्या. वाढताना विचारायच्या, "पिवळ्या शर्टवाल्याला पाडायचं नसतं, मग तो बाद कसा होतो रे?"

"हात लागला की झालं, मॅम. पंच शिट्टी मारतात."

"नुसता हात?"

"हो, मॅम."

"बोट लागलं तर?"

पोरांनी चमचे खाली ठेवले. डम्पलिंग म्हणाला, "बोट म्हणजे हाताचंच, मॅम."

"मग त्याच्या मागं धावत जाऊन धडपडताय कशाला? पकडायला जाल तर तो निसटेल. तो पळायला चांगला आहे. पण कोंबडी कोंडायला जातो तसं नुसते हात पसरून चहूबाजूंनी जवळ गेलात तर?" त्यांनी डम्पलिंगच्या ताटात चौथं अंडं टाकलं. "तुझे हात केवढे लांब आहेत बघ. देवानं उगीच नाही दिले."

एकतीस वर्षं त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सराव बघत आल्या होत्या. आमच्या गावात फुटबॉल कळणारे चार हजार पुरुष आहेत. एकालाही हे सुचलं नव्हतं.

शनिवारी सकाळी ऑरिन धुलाईखान्यात आला तेव्हा धापा टाकत होता. तो मला पुढे म्हणाला की बस धुताना त्याच्या डोक्यात एकदम आलं: पिवळा शर्ट आईच्या ताब्यात आहे. तो हरवला तर? ऐन वेळी सापडलाच नाही, आणि ब्रॅनन लाल शर्टात उतरला, आणि दोघं बाजूने आले तर?

"आई, शर्ट कुठंय?"

मिस अर्डेल पाठमोऱ्या होत्या. त्या वळल्या नाहीत. इस्त्रीच्या टेबलावर पिवळा शर्ट पसरला होता, आणि त्या त्याच्या बाहीवरून इस्त्री फिरवत होत्या.

"हा काय. दोनदा धुतला. इतका पिवळा केलाय की वरच्या काचेच्या खोलीतून डोळे मिटले तरी दिसेल." त्यांनी कॉलर उलटी केली. "हा शर्ट त्या पोराच्या अंगातून आज निघता कामा नये, ऑरिन. तो निघाला तर माझं सगळं गेलं."

ऑरिनने विचारलं, "मंडपात खुर्च्या लागतायत का अजून?"

तो त्या दिवशी सामन्याला थांबला. आई-लेक मैदानाच्या कडेला, स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या कुंपणाशी उभे होते. मी गुणफलकाची बटणं दाबायला वर होतो, त्यामुळे पुढचं मी सगळं पाहिलं.

पहिल्या अर्ध्या तासात ब्रॅननला कळेना की काय होतंय. तो चेंडू घेऊन मागे सरकायचा, फेकायला हात उचलायचा, आणि पाठीवर कुणाचं तरी बोट. शिट्टी. तो उजवीकडून निसटायचा, मोकळं मैदान समोर, आणि डम्पलिंग आपला लांब हात घेऊन एखाद्या लोखंडी फाटकासारखा तिथे उभा. शिट्टी. कोणी कुणाला पाडत नव्हतं. लोक आधी ओरडले, मग हसायला लागले. प्रत्येक शिट्टीला डम्पलिंगची आई खुर्चीवर उभी राहायची.

"हा काय खेळ आहे?" कोच पंचांवर ओरडले. "लपाछपी?"

"कोच, नियम तुम्हीच मागितलात," पंच म्हणाले.

तरीही लाल बाजूत एवढे चांगले लोक होते की सामना जवळच राहिला. तिसऱ्या डावात चेंडू फेकताना ब्रॅनन घसरला आणि उठताना एक पाय जपून टाकू लागला. कुणी हात लावला नव्हता. गवत ओलं होतं. सामना संपायला दोन मिनिटं राहिली तेव्हा पांढरे सतरा, लाल तेरा. चेंडू लालकडे, मैदानाच्या टोकाच्या रेषेपासून चार यार्डांवर, आणि चारातला शेवटचा एक प्रयत्न. रेषेपलीकडे चेंडू नेला की स्टेक, नाही तर घेवडा.

त्याच्या आधीच्याच खेळीत ब्रॅनन पळत रेषेपलीकडे गेला होता, दोन्ही हात वर करून नाचलासुद्धा होता, आणि पंचांनी त्याला परत बोलावलं होतं. पाठीला डम्पलिंगचं बोट लागलं होतं. डम्पलिंगने ते बोट वर करून सगळ्या मैदानाला दाखवलं.

ब्रॅनन लंगडत कडेला आला. त्याने डोक्यावरून पिवळा शर्ट काढला. खाली लाल शर्ट होता.

"आजोबा," तो म्हणाला. मैदानावर आजोबा म्हणायची त्याला बंदी होती, कोचच म्हणायचं. "आजोबा, मला एकदाच जाऊ द्या. हा काढून. ते मला पाडू शकणार नाहीत. आणखी एकदा."

कोचच्या मागे लाल बाजूची सगळी पोरं उभी होती. कुंपणाला लागून गाव उभं होतं. वर काचेच्या खोलीत पाहुणे होते. कोणीतरी ओरडलं, "जाऊ द्या त्याला, कोच." मग दहा जण ओरडले. गुणफलकावर एक मिनिट छप्पन्न सेकंद होते आणि ते थांबले होते.

कोच नातवाच्या पायाकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली, आणि वीस पावलांवर कुंपणाशी त्यांना ॲप्रनमधल्या मिस अर्डेल दिसल्या आणि त्यांच्या शेजारी, उजवा पाय ताठ ठेवून उभा असलेला ऑरिन. कोचनी त्याला इतक्या वर्षांत बसमध्ये पाहिलं असेल, दुकानात पाहिलं असेल. या कुंपणाशी पाहिलं नव्हतं.

मिस अर्डेलनी हातसुद्धा हलवला नाही.

"शर्ट घाल," कोच म्हणाले.

"पण आजोबा, आपण हरू."

"शर्ट घाल आणि बाकावर बस. पाय टेकत नाहीये तुझा."

त्यांनी दुसऱ्या पोराला पाठवलं. त्याच्या हातातून चेंडू निसटला आणि डम्पलिंग त्यावर आडवा पडला. डम्पलिंगखालून चेंडू काढायला चार जण लागले. उरलेला वेळ पांढऱ्यांनी चेंडू धरून काढला, आणि मी शेवटचं बटण दाबलं.

संध्याकाळी मंडपात नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी होती. डम्पलिंगची आई स्टेकच्या टेबलाशी मुलाच्या मागे उभी राहून त्याला स्वतःच्या हाताने बटाटे वाढत होती. घेवड्याच्या टेबलावर लाल बाजूची पोरं माना खाली घालून बसली होती, आणि टोकाला, नातवाच्या शेजारी, कोच.

मिस अर्डेलनी पोरांना कॉलेजच्या पांढऱ्या बश्यांतून वाढलं. मग त्या आत गेल्या आणि एक पत्र्याचा वाडगा घेऊन आल्या. काठोकाठ भरला होता. तो त्यांनी कोचसमोर ठेवला, मक्याच्या पावाचा तुकडा शेजारी ठेवला, आणि हात ॲप्रनला पुसत तिथेच उभ्या राहिल्या.

कोचनी वाडगा जवळ ओढला. बाजूला पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. त्यांनी वाडगा बोटाने थोडा फिरवला. तेहतीस.

"घ्या, कोच," मिस अर्डेल म्हणाल्या. "घेवड्यानं गुडघा वाकतो परत."

कोणी हसलं नाही. ज्यांना ते वाक्य आठवत होतं त्यांनी आपापल्या ताटाकडे पाहिलं. माझ्या बाबांनी तर टोपी काढून हातात घेतली. ते त्या दिवशी हसणाऱ्यांत होते.

कोचनी चमचा उचलला. ते जेवत असताना त्या हलल्या नाहीत. चार तास शिजलेला घेवडा गिळायला सोपा असतो, पण कोचना वेळ लागला. तळाशी थोडा उरला तेव्हा त्यांनी चमचा ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मिस अर्डेल, तुम्ही त्या वेळी जे मागितलं होतं... सप्टेंबरच्या सभेत मीच पुन्हा मांडतो. सामना बंद करू. तुमच्या नावानं मांडतो."

"नको," मिस अर्डेल म्हणाल्या. "ओटवेलच्या आईला पुढच्या वर्षीही यायचंय. सामना होऊ दे. ज्याचा पाय टेकत नाही त्याला पिवळा शर्ट द्या म्हणजे झालं. कुणाचाही नातू असो." मग त्यांनी वाडग्यात वाकून पाहिलं. "तळाचा राहिलाय."

कोचनी तळाचा खाल्ला. त्यांनी वाडगा पुढे केला तेव्हा बोलायला तोंड उघडलं होतं, आणि मला वाटतं त्यांना ऑरिनबद्दल काही म्हणायचं होतं. पण मिस अर्डेलनी वाडगा घेतला आणि त्या वळल्या.

आत ऑरिन सिंकपाशी भांडी पुसत उभा होता. त्याने वाडग्यासाठी हात पुढे केला. मिस अर्डेलनी तो स्वतःच धुतला, पट्टीवर पाणी येऊ न देता, कोरडा केला आणि वरच्या फळीवर पिठाच्या डब्यामागे पुन्हा ठेवून दिला.

"आता कशाला जपतेस तो?" ऑरिन म्हणाला. "खाल्ला ना त्यांनी."

"एकदा खाल्ला," मिस अर्डेल म्हणाल्या, आणि सोमवारच्या धुलाईसाठी कोचची पांढरी पँट वेगळी काढून ठेवली. लाल शर्टांच्या ढिगाशेजारी.